सँचेझ दोषीच निघतो, मग क्विनलनचं चुकलं काय?

प्रश्न असा आलाय: "'टच ऑफ ईव्हिल' बघितला. सगळे त्या पहिल्या लांब शॉटबद्दलच बोलत असतात. पण शेवटी सँचेझने बॉम्बची कबुली दिली असं कळतं, म्हणजे क्विनलनचा अंदाज बरोबरच होता ना? मग पिक्चर त्याला व्हिलन का करतो? आणि तीन व्हर्जन आहेत म्हणे, त्यातलं कुठलं बघायचं?"

तुम्हाला हे दोन प्रश्न वाटतायत, मला विचाराल तर एकच आहे. कुठलं व्हर्जन बघता त्यावर हा पिक्चर कुणाच्या अपराधाचा आहे ते ठरतं, आणि तो फरक अख्ख्या पिक्चरमध्ये मुख्यतः एका क्लोजअपमुळे पडतो. त्याच्याकडे येतो, पण थोडा वळसा घेऊन, कारण मी साउंड एडिटर आहे, सव्वीस वर्षं झाली याच कामात, आणि हा पिक्चर मी पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा खरं तर ऐकलाच होता. पुण्यात अर्काइव्हच्या थिएटरात, प्रिंट इतकी घासलेली होती की पडद्यावर पाऊसच चालू होता, म्हणून शेवटच्या रिळाला डोळे मिटून बसलो, आणि कळलं की अरे, हा तर टेपरेकॉर्डरचा पिक्चर आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. पुढे सगळा शेवट सांगणार आहे, तेव्हा आधी बघायचा असेल तर इथेच थांबा. अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवरचं लॉस रोब्लेस नावाचं काल्पनिक गाव. एका श्रीमंत अमेरिकन माणसाच्या गाडीच्या डिकीत कुणीतरी टायमर लावलेला बॉम्ब ठेवतं, गाडी मेक्सिकोतून सीमा ओलांडून अमेरिकेत येते आणि फुटते. तिथे नुकतंच लग्न झालेला मेक्सिकन अधिकारी व्हर्गास, म्हणजे चार्लटन हेस्टन (चेहऱ्याला तपकिरी रंग फासून, आज ते बघवत नाही, पण आहे ते आहे), बायकोबरोबर फिरत असतो. अमेरिकन बाजूचा तपास हँक क्विनलनकडे येतो, तो स्वतः ऑर्सन वेल्स, या पिक्चरचा दिग्दर्शक. तेव्हा वेल्स जेमतेम एक्केचाळीस वर्षांचा होता यावर विश्वास बसत नाही, खोटं नाक, अंगाला पॅडिंग, गाडीतून उतरताना कॅमेरा खालून लावलेला, म्हणजे आख्खा पडदा भरून मांसाचा डोंगर. क्विनलनचा एक पाय अधू आहे, हातात काठी असते, आणि गुन्हेगार कोण हे त्याला त्या पायातून 'जाणवतं'. त्याचा जिवाभावाचा सहकारी म्हणजे सार्जंट पीट मेन्झीस, जोसेफ कॅलिया नावाच्या माल्टात जन्मलेल्या नटाने केलेला, आणि माझ्यासाठी पिक्चर त्याचा आहे.

आता तुमचा मुद्दा. सँचेझ हा चपलांच्या दुकानातला पोरगा, मेलेल्या श्रीमंताच्या मुलीशी त्याने गुपचूप लग्न केलेलं. त्याच्या फ्लॅटमध्ये चौकशी चालते. व्हर्गास बाथरूममध्ये हात धुवायला जातो, त्याच्या हातून चपलेचा एक खोका पडतो, खोका रिकामा. दहा मिनिटांनी त्याच खोक्यात डायनामाइटच्या दोन कांड्या सापडतात. सापडतात कुणाला? मेन्झीसला. क्विनलनला नाही. ही गोष्ट पहिल्यांदा बघताना हातातून निसटते, कारण आपलं लक्ष क्विनलनच्या थोबाडावर असतं. पण क्विनलनची पद्धतच ती आहे, वस्तू तो ठेवतो आणि शोधायला पाठवतो मेन्झीसला, आणि मेन्झीस प्रामाणिक असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो, आणि तो खरा आनंद कोर्टात पुरावा म्हणून चालतो. आपल्याकडे निदान पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या तरी लागतात (ते पंच कुठून आणलेले असतात ते सोडा), इथे पंच, तपास अधिकारी आणि भक्त असा सगळा एकच माणूस आहे.

या सीनबद्दल हेस्टनने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. शूटिंगचा पहिला दिवस, फेब्रुवारी 1957, युनिव्हर्सल स्टुडिओ. वेल्स दिवसभर नुसत्या रिहर्सल घेतोय, कॅमेरा एकदाही चालू नाही, स्टुडिओची मोठी माणसं कोपऱ्यात जमून कुजबुजतायत, की याने परत आपल्याला बुडवलं. आणि संध्याकाळी त्याने लांबच्या लांब टेकमध्ये तो सीन काढला आणि तीन दिवसांसाठी ठेवलेलं काम संपलं म्हणून सांगितलं. तीन छोट्या खोल्या, माणसं आत-बाहेर करतायत, एकमेकांचं बोलणं तोडतायत, कॅमेरा त्यांच्यामागे. पहिल्या बॉम्बवाल्या शॉटचं कौतुक सगळे करतात कारण तिथे क्रेन दिसते. हा शॉट चालू आहे हेच कळत नाही, म्हणून मला हा जास्त अवघड वाटतो. शिवाय कट नसण्याचा इथे अर्थ आहे. खोका रिकामा होता हे आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंय, त्या बघण्यात कात्री लागलेली नाही, म्हणजे पिक्चर आपल्यालाच साक्षीदार करून ठेवतो. आता पंच आपण.

मग सँचेझ खरंच दोषी निघतो त्याचं काय. एक तर ती कबुली आपण ऐकत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत श्वार्ट्झ नावाचा सरकारी वकिलाचा माणूस एका वाक्यात सांगून टाकतो, आणि पिक्चर पुढे जातो. माझ्या धंद्यातला माणूस इथे लगेच कान टवकारतो. ज्या दिग्दर्शकाने दोन तास आपल्याला टिकटिक, रेडिओ, पियानोला (आपोआप वाजणारा पियानो), पाण्यातली पावलं, पुलाखालचा प्रतिध्वनी असं सगळं ऐकवलंय तो नेमकी कबुली ऐकवत नाही. कबुली कशी घेतली, किती तास बसवून घेतली, काहीच नाही. तेव्हा 'दोषी निघाला' हे वाक्य मी पेन्सिलने लिहून ठेवतो, पेनने नाही.

पण समजा खरंच दोषी होता, तरीही चालतं, उलट त्यातच गंमत आहे. वेल्सला क्विनलन चुकीचा माणूस पकडतो असं दाखवणं किती सोपं होतं! एक निरपराध पोरगा, एक दुष्ट फौजदार, टाळ्या. त्याने मुद्दाम उलटं केलं. क्विनलन हुशार आहे, त्याचे अंदाज बरोबर येतात, आणि आपल्या डोक्यात भ्रष्टाचार म्हटलं की जे येतं, म्हणजे पाकीट, हप्ता, फार्महाउस, बेनामी प्लॉट, त्यातलं त्याच्याकडे काही नाही. तीस वर्षांच्या नोकरीनंतर एक छोटा टर्कीचा फार्म आहे आणि दोनेक एकर जमीन असेल नसेल, आणि हे तो स्वतः शेवटी तावातावाने बोलून दाखवतो. त्याने पैसा खाल्ला नाही. पुरावा या गोष्टीचा अर्थच खाऊन टाकला. व्हर्गासचं म्हणणं असं की पोलिसाचं काम अवघडच असायला हवं, ते सोपं फक्त पोलिसी राज्यात असतं. हे वाक्य भाषणबाजीचं आहे, हेस्टन ते म्हणतोही भाषणासारखंच, पण खोटं नाही.

आणि क्विनलनला याबद्दल अपराधी वाटतं का? नाही. त्याला दुःख आहे, अपराधभाव नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. त्याच्या बायकोचा गळा दाबून खून झालेला, तेव्हा तो खात्यात नवीन होता, मारेकरी कोण हे त्याला माहीत होतं आणि पुरावा नव्हता. तो माणूस 1917 साली बेल्जियमच्या चिखलात युद्धात मेला, म्हणजे क्विनलनच्या हातून सुटून मेला. त्यानंतर आपल्या हातून एकही सुटला नाही, असं तो दारू प्यायल्यावर सांगतो. बारा वर्षं सोडलेली दारू, त्याजागी चॉकलेट खात सुटलेला माणूस, म्हणून ते शरीर. हे ऐकताना वाईट वाटतं आणि ते वाटावं अशीच योजना आहे. पण नीट ऐकलं तर त्यात 'माझं चुकलं' कुठेच नाही, 'मला कमी पडलं' एवढंच आहे.

मग अपराधाचं ओझं जातं कुठे? ते कुणीतरी उचलायला लागतंच, आणि ते येतं मेन्झीसच्या डोक्यावर. तो काहीही जाणूनबुजून केलेला नसलेला माणूस. क्विनलनच्या पायातली गोळी ही मेन्झीसला वाचवताना बसलेली, म्हणजे ज्या पायाच्या जोरावर क्विनलन 'अंतर्ज्ञानी' झाला तो पायसुद्धा मेन्झीसच्या खात्यात. व्हर्गास जुन्या केसेसचं दप्तर उपसतो आणि यादी काढतो, या केसमध्ये पुरावा कुणाला सापडला, त्या केसमध्ये कुणाला सापडला, आणि मेन्झीसला समोर बसवून ती वाचायला लावतो. प्रत्येक ठिकाणी आपलंच नाव. वर्षानुवर्षं आपण जे 'शोधत' होतो ते कुणीतरी आपल्यासाठी ठेवत होतं. म्हणजे अभिमान वाटायच्या जेवढ्या गोष्टी होत्या तेवढ्याच आता गुन्हे. इतकी क्रूर जागा मी दुसऱ्या कुठल्या पोलिसपटात बघितलेली नाही, आणि इथे एकही ठोसा नाही, बंदूक नाही, दोन माणसं आणि कागद.

आणि इथेच तो क्लोजअप.

आता व्हर्जनची भानगड. वेल्सने 1957च्या एप्रिलच्या सुरुवातीला शूटिंग संपवलं, काही महिने एडिटिंग केलं, मग स्टुडिओने पिक्चर त्याच्या हातातून काढून घेतला. हॅरी केलर नावाच्या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही सीन वेगळे काढून जोडले, गोष्ट 'समजावी' म्हणून. वेल्सला नवीन कट दाखवला, आणि त्याने स्टुडिओप्रमुख एडवर्ड मुहलला 58 पानांचं पत्र लिहिलं, डिसेंबर 1957. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत, अत्यंत नम्र भाषेत, इथे हा आवाज जरा आधी सुरू करा, तिथे तो कट काढा. ज्याचा पिक्चर हिसकावून घेतलाय अशा माणसाने इतक्या शांतपणे लिहिलेलं वाचून आमच्यासारख्यांना रडू येतं. फारसं कुणी ऐकलं नाही. 1958 मध्ये सुमारे 96 मिनिटांचा पिक्चर आला, तोही दुय्यम पिक्चर म्हणून, केलरच्याच दुसऱ्या एका पिक्चरच्या जोडीला. सत्तरच्या दशकात प्रीव्ह्यूची, म्हणजे रिलीजआधी प्रेक्षकांना दाखवून बघायची, सुमारे 108 मिनिटांची एक प्रिंट सापडली, ती अनेक वर्षं 'खरी' म्हणून फिरली, पण तिच्यात केलरचे तुकडे उलट जास्तच आहेत. आणि 1998 मध्ये रिक श्मिडलिनने निर्माता म्हणून आणि वॉल्टर मर्चने एडिटर म्हणून त्या 58 पानांबरहुकूम साधारण पन्नास बदल करून तिसरं व्हर्जन बांधलं, ते 111 मिनिटांचं. वेल्स 1985 मध्येच गेलेला, त्यामुळे याला 'दिग्दर्शकाचा कट' म्हणणं बरोबर नाही. पत्राचा कट म्हणा.

मर्च हा आमच्या लायनीतला देवमाणूस, पिक्चर आणि साउंड दोन्ही कापणारा. त्याने नंतर मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी. वेल्सने पत्रात एक छोटी विनंती केली होती, त्या दप्तरखान्यातल्या सीनमधला मेन्झीसचा एक क्लोजअप काढा. कारण काय दिलं? की लेन्स फार वाइड वापरली गेली, त्यामुळे चेहरा विचित्र दिसतोय. तांत्रिक कारण. मर्चला ते जरा आश्चर्य वाटलं, कारण या पिक्चरमध्ये वाइड लेन्सने विचित्र केलेले चेहरे ढिगाने आहेत, 18.5 मिलिमीटरच्या लेन्सवर तर पिक्चर उभाच आहे. पण पत्रात आहे म्हणून काढला. आणि काढल्यावर त्याला कळलं की खरं कारण लेन्स नव्हतंच.

तो क्लोजअप असताना मेन्झीस तिथेच मोडतो. यादी बघून खचतो, हार मानतो, आणि मग पुढे तो जे काही करतो, म्हणजे अंगाला माइक बांधून आपल्या मित्राकडून कबुली काढायला जातो, ते व्हर्गासने मोडलेल्या माणसाने व्हर्गाससाठी केलेलं काम होतं. क्लोजअप काढला की मेन्झीस त्या सीनमध्ये मोडत नाही, वाद घालतो, आपल्या माणसाच्या बाजूने उभा राहतो, आणि दप्तरखान्यातून निघतो तो अजून क्विनलनचाच. मग नंतर हॉटेलात त्याला ती काठी मिळते. क्विनलनने ग्रँडीचा, म्हणजे गावातल्या गुंडांच्या म्होरक्याचा, गळा दाबलेला त्या खोलीत विसरलेली काठी. (त्या खोलीच्या दारावर पाटी असते, 'काही विसरलात का? किल्ली काउंटरवर द्या', आणि क्विनलन त्या पाटीसमोरून बाहेर पडतो. वेल्सला अशा वेळी स्वतःला आवरता यायचं नाही.) तेव्हा मेन्झीसचा निर्णय त्याचा स्वतःचा होतो. कुणी ढकललं नाही. गद्दारी म्हणा, प्रामाणिकपणा म्हणा, त्याची मालकी त्याचीच. दोनेक सेकंदाचा शॉट काढल्यावर एक बाहुला माणूस झाला. वेल्सने खरं कारण पत्रात का लिहिलं नसेल? मला वाटतं, स्टुडिओच्या साहेबाला 'यामुळे व्यक्तिरेखेची नैतिक बाजू बदलते' असं लिहिलं तर कचऱ्याची टोपली ठरलेली, आणि 'लेन्स चुकली' म्हटलं तर निदान कुणीतरी टेक्निशियन बघेल. सव्वीस वर्षांत प्रोड्युसरला मीही अशी बरीच तांत्रिक कारणं सांगितलीयत.

तर अपराधीपणाचा पिक्चर म्हणून बघायचा असेल तर 1998चंच बघा. जुनं पहिलं व्हर्जन वाईट नाही, त्यालाच तर 1958 मध्ये ब्रसेल्सला बक्षीस मिळालं आणि युरोपातल्या पोरांनी डोक्यावर घेतलं. पण त्यात मेन्झीस लहान होतो.

आता आवाजाबद्दल बोलल्याशिवाय मला झोप येणार नाही.

पहिला शॉट, साधारण तीन मिनिटं वीस सेकंद. लॉस एंजेलिसमधल्या व्हेनिस नावाच्या पडक्या वस्तीत रात्री काढलेला, कॅमेरा रसेल मेटीचा, आणि पहाट व्हायला आली तरी ओके होईना, कारण शेवटी येणारा कस्टमवाला नट दर वेळी आपलं वाक्य चुकायचा. वेल्सने म्हणे त्याला शेवटी सांगितलं, नुसते ओठ हलव, बोलू नकोस, वाक्य आपण नंतर घालू. मला ही गोष्ट फार आवडते कारण एवढी मोठी क्रेन, एवढी गर्दी, आणि सगळं वाचवलं डबिंगने! तर जुन्या व्हर्जनमध्ये या शॉटवर हेन्री मॅन्सिनीचं टायटल म्युझिक आहे, बाँगो आणि ब्रास, झकास म्युझिक आहे, आणि वर नावं पडत राहतात. वेल्सला हे नको होतं. त्याला हवा होता रस्ता, म्हणजे या बारमधलं गाणं, पुढच्या बारमधलं दुसरं, जाणाऱ्या गाडीतला रेडिओ, सगळं एकमेकांवर चढत-उतरत. 1998 मध्ये मर्चने तसं केलं, नावं शेवटी ढकलली. म्युझिक, डायलॉग आणि इफेक्टचे ट्रॅक वेगवेगळे मिळाले म्हणून ते जमलं, नाहीतर एकदा मिक्स झालेला आवाज सुटा करणं म्हणजे चहातून साखर काढणं, आणि तेव्हा आजची सॉफ्टवेअरंही नव्हती.

यामुळे काय झालं बघा. डिकीत बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत आहे. आता गाडी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेली तरी तिच्या रेडिओचं गाणं ऐकू येतं, जवळ येतं, लांब जातं. म्हणजे बॉम्ब कुठे आहे हे आपण कानाने शोधतोय. गाडीत बसलेली बाई कस्टमवाल्याला सांगते की डोक्यात टिकटिक ऐकू येतेय, आणि कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही. पहिल्या चार मिनिटांत पिक्चर सांगून टाकतो की इथे जो ऐकेल तो वाचेल. मॅन्सिनीचं म्युझिक वर असताना हे सगळं खाली गाडलं गेलं होतं.

अजून एक, हे खास धंद्यातल्यांसाठी. गाणं 'खऱ्या' जागेतून येतंय असं वाटायला मर्चने 1973च्या 'अमेरिकन ग्राफिटी'च्या वेळी एक जुगाड केला होता, रेकॉर्ड केलेलं गाणं एका जागेत स्पीकरवर वाजवायचं आणि लांब माइक लावून परत रेकॉर्ड करायचं, म्हणजे भिंतींचा, हवेचा गुण त्याला लागतो. त्याला वाटायचं ही आपली युक्ती. आणि या कामाच्या वेळी वेल्सच्या सूचना वाचताना त्यात हेच निघालं, गल्लीत स्वस्त स्पीकर लावा आणि गल्लीतच रेकॉर्ड करा. म्हातारा पंधरा वर्षं आधी तिथे जाऊन बसला होता.

शेवटचा सीन. मेन्झीसच्या अंगावर लपवलेला माइक, व्हर्गासच्या हातात रिसीव्हर आणि रेकॉर्डर. सिग्नल तुटू नये म्हणून त्याला जवळजवळ राहायला लागतं, म्हणून हा उंच, सरळ, तत्त्वनिष्ठ माणूस तेलविहिरींच्या मचाणांवरून, पुलाखालून, गटाराच्या पाण्यातून सरपटत चाललाय. हे यंत्र आपल्याला आवडत नाही हे तो बोलून दाखवतो. दुसऱ्याने पेरलेला पुरावा उघड करायला हा स्वतः माइक पेरतोय, हा विनोद वेल्सने कुठेही अधोरेखित केलेला नाही. आवाजाचा खेळ असा की क्विनलन-मेन्झीसचं बोलणं एकदा जवळून, भरदार ऐकू येतं आणि लगेच दुसऱ्या कटला रिसीव्हरच्या छोट्या स्पीकरमधून, पिचलेलं. आम्ही याला फोन इफेक्ट म्हणतो, खालचा बास आणि वरची धार कापून टाकायची, साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवायचा, माणूस लगेच यंत्रातला वाटतो. क्विनलनचा तो दणदणीत आवाज, ज्याच्यापुढे पोलीसप्रमुख आणि सरकारी वकील गप्प बसायचे, तो या डबीत गेल्यावर एका थकलेल्या म्हाताऱ्याची कुरकुर होतो. नुसता फिल्टर लावून माणूस उघडा केलाय.

मग ते पुलावर येतात, व्हर्गास पुलाखाली, आणि रिसीव्हरमधला आवाज कमानीत घुमून वर जातो. क्विनलनला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. तिथे तो थांबतो. (चोखंदळपणाच करायचा तर, पुलाखालचा स्पीकर पंधरा-वीस मीटरवर असेल तर आवाज पन्नासेक मिलिसेकंदच उशिरा पोचेल, म्हणजे वेगळा प्रतिध्वनी जेमतेम ऐकू येईल, बोलणं जरा दुहेरी वाटेल एवढंच. पिक्चरमध्ये तो चांगला घुमतो. वेल्सची बाजू मी घेतली असती.) आयुष्यभर जो माणूस स्वतःच्या पायाचं ऐकत आला त्याला पहिल्यांदा स्वतःच्या तोंडचं ऐकायला लागतं. सदसद्विवेक वगैरे शब्द मला जड जातात, पण या माणसाला त्याच्या इतक्या जवळ दुसरं काही आलेलं दिसत नाही, आणि आलं तर काय करतो? मेन्झीसला गोळी घालतो. व्हर्गासच्या पिस्तुलाने, म्हणजे इथेही पुरावा पेरायची सवय सुटत नाही.

खाली उतरून तो हाताला लागलेलं रक्त त्या घाण पाण्यात धुवायला बघतो, आणि वर पुलावर पडलेल्या मेन्झीसच्या हातातून रक्ताचा थेंब परत त्याच्या हातावर पडतो. हे इतकं उघड चिन्ह आहे की दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी हसलो असतो. मग मरता मरता मेन्झीसच त्याला गोळी घालतो. पीट, तुझ्यासाठी खाल्लेली ही दुसरी गोळी, असं काहीसं क्विनलन म्हणतो, आणि मला तर तो एकच क्षण असा वाटतो जिथे तो कुणाचा तरी देणेकरी असल्यासारखा बोलतो. आणि श्वार्ट्झ टेप वाजवून बघतो, तर त्यातून क्विनलनच बोलतोय, सगळे दोषी होते म्हणून.

इथे माझा एक अनुभव सांगतो, विषयाला धरूनच आहे. लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) लावलेला नट शॉट संपल्यावर तो बंद करायचा विसरतो, आणि साउंडवाल्याच्या कानात हेडफोन तसाच असतो. एका शूटिंगला, नावं नकोत, दोन जिवलग मित्र म्हणून माहीत असलेल्यांपैकी एक जण व्हॅनिटीत बसून तिसऱ्याला फोनवर दुसऱ्याबद्दल जे सांगत होता ते मी ऐकलं. पाच-सहा सेकंदच, मग फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली केला. तो दुसरा दुपारी माझ्याशेजारी बसून जेवला, पोळीचा तुकडा मोडून मला देत होता, आणि मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो. मी काहीच केलं नव्हतं. तेव्हापासून व्हर्गासबद्दल मला जरा सहानुभूती वाटते, एरवी तो मला कंटाळवाणाच वाटतो, बायकोला एकटीला मोटेलात सोडून जाणारा.

हो, ते मोटेल. व्हर्गासची बायको झालेली जॅनेट ली, ओसाड मोटेल, विचित्र रखवालदार, आणि हे सगळं हिचकॉकच्या 'सायको'च्या दोन वर्षं आधी, त्यातही मोटेलात तीच. शूटिंगच्या आधी तिचा हात मोडला होता, प्लास्टर लपवत काम केलंय, बघताना शोधा. या भागाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, ग्रँडीच्या पोरांचा धुडगूस लांबलाय आणि रखवालदाराचा नट दुसऱ्याच पिक्चरमधून आल्यासारखा वागतो. पण कुणी म्हणेल तेच मस्त आहे, तर मी भांडणार नाही.

तुम्ही विचारलंत तसं, क्विनलन व्हिलन का, तर मार्लेन डीट्रिशची टाना, क्विनलनची जुनी मैत्रीण, शेवटी जे म्हणते ते परत ऐका. श्वार्ट्झ म्हणतो, हँक डिटेक्टिव्ह म्हणून मोठाच होता. ती म्हणते, आणि पोलीस म्हणून टुकार. हेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, गुन्हेगार ओळखणं हे एक कसब आणि पोलीस असणं ही दुसरी नोकरी, आणि तो पहिल्यात इतका चांगला होता की दुसरीची गरजच नाही असं त्याला वाटायला लागलं. अजून काही म्हणायचंय का असं श्वार्ट्झ विचारतो तर ती त्याच्या पुढची दोन वाक्यं बोलते, ती मी इथे लिहीत नाही, तिच्याच आवाजात ऐका, फार सपाट आवाजात म्हणते, आणि मागे तो पियानोला.

बघायला बसाल तेव्हा हेडफोन लावा, साधे चालतील, आवाज मोनोच आहे. आणि तुमच्याकडची फाइल कुठली आहे कळत नसेल तर पहिल्याच मिनिटाला कळेल, बॉम्बच्या शॉटवर नावं पडली तर जुनी. तरीही फेकू नका ती. आधी 1998चं बघा, मग जुनीतला फक्त दप्तरखान्याचा सीन लावा आणि मेन्झीसचा तो क्लोजअप येतो तिथे थांबवा.